हरवलेल्या माणसांसाठी पेपरात रोज दोन इंच जागा द्या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतोय, पत्र मात्र आज पहिल्यांदाच लिहितोय आणि ते लांबलंय. जागा कमी पडली तर मधलं कापा, मागणी तेवढी ठेवा. मागणी अशी की छोट्या जाहिरातींच्या पानावर रोज दोन इंच जागा फुकट द्या, जिथं आपल्या भागातल्या कुणालाही घरातनं लांब गेलेल्या, पत्ता तुटलेल्या, अगदी शंभर वर्षांमागं गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा विचारता येईल. हे माझ्या डोक्यात आलं ते आयर्लंडवरनं, कसं ते सांगतो.

मी निवृत्त तलाठी. ३१ वर्षं नोकरी, करवीर, पन्हाळा, शाहूवाडी असे तीन तालुके, सातबारा नि फेरफार लिहिता लिहिताच केस पांढरे झाले. थोरला मुलगा सिडनीला असतो आणि त्यानं लग्न तिथल्याच मुलीशी केलं. सूनबाई गुणी आहे, मराठी शिकतेय, मला बाबा म्हणते. दोन वर्षांमागं दिवाळीला दोघं आली ती महिनाभर राहिली, आम्ही सगळे गावाकडं गेलो, भोगावतीच्या काठाला आमचं गाव आहे, भाताची मळणी चालू होती आणि नेमका तेव्हा हेळवी आला. शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, हेळवी म्हणजे आपल्या घराण्याची वंशावळ सांभाळणारा माणूस, कर्नाटकातनं येतो, सुगीला येतो, पूर्वी बैलावर बसून यायचे आता मोटरसायकलवरनं येतात. सोप्यात घोंगडं टाकून त्याला बसवला, त्यानं लाल फडक्यातली वही सोडली आणि सुरू केलं, मूळ पुरुष कुठनं आला, त्याला लेकरं किती, कुठली लेक कुठं दिली, कुणी हेळव्याला बैल दिला, कुणी शेला दिला. आठ पिढ्या. सूनबाई मुलाला सारखं विचारत होती काय म्हणतोय काय म्हणतोय, आणि तो सांगत होता तसे तिचे डोळे भरत गेले.

मध्येच माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव आलं. हेळवी म्हणाला, "ह्यो धाकटा. दुष्काळात गेला, दर्यापार. पुढं वाढ न्हाई." आणि पान उलटलं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. सूनबाईनं मात्र थांबवलं आणि विचारलं, त्याचं पुढं काय झालं? सोप्यात दहा-बारा माणसं होती, कुणाकडंच उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी विचारलाच नव्हता.

रात्री तिनं सांगितलं की तिच्या घरी तर वही पण नाही. पणजीच्या आईच्या पलीकडं फक्त एक वाक्य आहे, आयर्लंडवरनं बोटीनं आली. गाव नाही, आईबापाचं नाव नाही. आईच्या बाजूचं जुनं आडनाव ठाऊक आहे पण ते आडनाव तिकडं आपल्याकडच्या पाटलांइतकं सगळीकडं, त्यानं काय होणार. तेव्हा मी तिला शब्द दिला की पोरी, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधाचे वाद जुन्या कागदावरनं सोडवलेत, तुझं गाव आपण शोधू.

सुरुवातीला आमची चूक झाली ती सांगतो म्हणजे दुसऱ्यांची होणार नाही. आम्ही बोट शोधत बसलो. सगळ्यांना वाटतं की बोटीच्या याद्या आहेत, त्यात नाव सापडलं की झालं. पण आयर्लंड काय नि इंग्लंड काय, तिथनं बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या १८९० पासूनच्याच टिकल्यात, त्याआधीच्या नाहीत. तिकडच्या १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळातली माणसं त्याच्या चाळीस वर्षं आधी गेलेली. म्हणजे निघाल्याचा कागद नाही, पोचल्याचा कागद शोधायचा, आणि तोसुद्धा ज्या देशात पोचले तिथला. अमेरिकेत १८२० पासून उतरणाऱ्यांच्या याद्या ठेवल्यात पण जुन्या याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश म्हणून नुसतं "आयर्लंड" एवढंच, गाव नसतंच. थोरल्यानं त्या काळात एका ऑनलाइन दुकानाला पैसे भरून त्या आडनावाचं कुलचिन्ह फ्रेम करून मागवलं, सिंह नि ढाल असलेलं, नंतर कळलं की तिकडं कुलचिन्ह माणसाला दिलेलं असतं, आडनावाला नाही, एकाच आडनावाच्या हजारो घरांचा त्या चित्राशी काही संबंध नसतो. पैसे गेले. सूनबाईला त्याचं फार वाईट वाटलं, तिनं ती फ्रेम आधीच आजीला भेट दिली होती.

नावांचा घोळ तर विचारूच नका. त्यातली एक गोष्ट सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडचं स्थलांतर केंद्र १ जानेवारी १८९२ ला उघडलं आणि पहिली उतरली ती कॉर्क जिल्ह्यातली ॲनी मूर, धाकट्या दोन भावांना घेऊन, नेवाडा नावाच्या बोटीतनं. ज्या बंदरातनं निघाली त्याला तेव्हा क्वीन्सटाउन म्हणायचे, आता कोव्ह म्हणतात, टायटॅनिकचा शेवटचा थांबा पण तोच. दोन्हीकडं तिचे पुतळे आहेत. आणि कितीतरी वर्षं लोक सांगत राहिले की ती पुढं टेक्सासला गेली नि तिथं वारली, त्या घरच्यांना कार्यक्रमाला पण बोलवायचे. २००६ साली कागद नीट तपासल्यावर निघालं की टेक्सासची ॲनी मूर वेगळीच, ती जन्मलीच अमेरिकेत, खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच गरिबीत संसार करून १९२४ ला गेली आणि तिच्या थडग्यावर साधा दगडसुद्धा नव्हता, तो नंतर २००८ ला बसवला. एवढ्या गाजलेल्या मुलीचं असं झालं. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नसतं हे मी नोकरीत पण शंभरदा बघितलंय, एकाच गावात एकाच नावाचे तीन खातेदार आणि वारसाच्या नोंदीत भलतीच पोरं.

आता दुष्काळाचं थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडं बटाट्यावर नि टोमॅटोवर उशिराचा करपा येतो ना, पानं काळी पडून दोन-चार दिवसांत प्लॉट बसतो, तोच रोग १८४५ ला आयर्लंडमध्ये आला. गरिबांची जमीन तुकडे पडून पडून इतकी कमी झालेली की तेवढ्यात घर जगवायला बटाटाच परवडायचा. पीक गेलं, परत गेलं, आणि देशातनं धान्य बाहेर जायचं काही थांबलं नाही. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाख माणूस होतं ते १८५१ ला ६५ लाख राहिलं. दहा लाखांच्या आसपास उपासमारीनं नि तापानं मेली आणि दहा लाखांहून जास्त बोटीत बसली. बोटीत बसली ती पण सगळी पोचली नाहीत. १८४७ च्या एका सालात कॅनडात क्युबेकजवळच्या ग्रोस आयल बेटावर ५ हजारांहून जास्त लोक पुरलेत.

सूनबाईची ती बाई मात्र ऑस्ट्रेलियाला आलेली, आणि तिथला धागा आम्हाला तिच्या दाखल्यावर मिळाला. न्यू साउथ वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८५६ पासून आहे आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात आईबापाची नावं, जन्मस्थान, लग्न कुठं झालं, मुलं किती आणि इथं येऊन किती वर्षं झाली एवढं सगळं लिहायची पद्धत. तिच्या दाखल्यात जन्म क्लेअर जिल्हा, आयर्लंड, आणि कॉलनीत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, येऊन झालेली वर्षं, ती वजा केली की साल यायचं १८५०. मग कळलं की १८४८ ते १८५० या काळात ब्रिटिश सरकारनं आयर्लंडच्या वर्कहाउसमधल्या, म्हणजे निराधारांना कोंडून ठेवायच्या त्या सरकारी घरांमधल्या, ४ हजारांवर अनाथ मुली ऑस्ट्रेलियाला पाठवल्या होत्या. बहुतेक चौदा ते अठरा वर्षांच्या. तिकडं घरकामाला बायका पाहिजे होत्या आणि इकडं वर्कहाउसात जागा नव्हती, असा हिशोब. त्या मुलींची नावं शोधून लोकांनी यादी केलीय आणि यादीत ही सापडली, वय सोळा.

संपादक साहेब, प्रत्येक मुलीला जाताना एक लाकडी पेटी द्यायचे, कुलूप-किल्लीची. त्यात सहा आतले झगे, दोन फ्लॅनेलचे परकर, सहा जोड मोजे, दोन जोड बूट आणि दोन गाऊन. ही मोजदाद सरकारी नियमातली आहे. ज्या पोरीनं आईबाप मेलेले बघितले, जिच्या पायात बूट नव्हते, तिच्या मालकीची आयुष्यातली पहिली वस्तू ही पेटी असणार. सूनबाईनं हे मला फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तिची पत्र्याची ट्रंक होती, ती अजून माळ्यावर आहे, दुसऱ्या दिवशी ती मी खाली काढून पुसून ठेवली.

ती आली त्या बोटीचं नाव थॉमस आर्बथनॉट. इंग्लंडमधल्या प्लिमथहून २८ ऑक्टोबर १८४९ ला निघाली आणि ३ फेब्रुवारी १८५० ला सिडनीला लागली, चौदा आठवडे. बोटीवर डॉक्टर होता चार्ल्स स्ट्रट, चांगला माणूस, पोटच्या पोरींसारखं सांभाळलं त्यानं. उतरल्यावर शंभरएक मुलींना गाड्यांच्या ताफ्यातनं आतल्या यास आणि गुंडगाई या गावांपर्यंत तो स्वतः घेऊन गेला, नीट घरं मिळावीत म्हणून. त्याची रोजनिशी टिकली म्हणून हे कळतं. उतरलेल्या मुलींना आधी सिडनीच्या हाइड पार्क बराकीत ठेवायचे, ती इमारत अजून आहे आणि तिथं १९९९ साली त्यांचं स्मारक केलंय, भिंतीच्या आरपार जाणारं एक टेबल आणि काचेवर मुलींची नावं. सूनबाई त्या शहरात जन्मली, शाळेच्या सहलीला त्या बराकीत गेलेली, आणि आपली माणूस तिथं झोपलेली हे तिला चाळिशीजवळ आल्यावर कळलं.

सिडनीला उतरताना प्रत्येक मुलीला विचारून लिहून घेतलेलं, आईबापाचं नाव, जिवंत का मेले, मूळ गाव कुठलं, वाचता येतं का. तिथं आम्हाला गाव मिळालं. पण कसं, तर आयरिश बोलणाऱ्या पोरीनं तोंडानं सांगितलेलं आणि इंग्रज कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं. इथनं पुढं काम माझं होतं, कारण इथनं पुढं गावनकाशा नि जमिनीचे कागद.

आयर्लंडमध्ये सगळ्यात लहान महसुली तुकडा म्हणजे टाउनलँड, आपली वाडी समजा, अशा ६० हजारांवर आहेत आणि एकाच नावाच्या दहा दहा. नावांचा अर्थ लागायला लागला की मजा येते. बॅली म्हणजे वस्ती, किल म्हणजे बहुतेक देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, नॉक म्हणजे टेकडी. आणि एकाच नावापुढं बेग नि मोर लावलेलं असतं, बेग म्हणजे लहान, मोर म्हणजे मोठं. हे वाचल्यावर मी खुर्चीतनं उठलोच, अहो हे आपलं खुर्द नि बुद्रुक झालं की! आमच्या आडनावांना शेवटी "कर" लागतो नि गाव कळतं, त्यांच्या आडनावापुढच्या "ओ" मध्ये गाव नाही, नाती आहेत, ओ म्हणजे नातू, मॅक म्हणजे लेक. इंग्रजी अमलात कितीजणांनी ते ओ गाळून टाकलं, आणि काहींच्या नातवंडांनी परत लावलं, त्यामुळं शोधताना दोन्ही धरून बघायचं. तिथले सहा इंची, म्हणजे मैलाला सहा इंच मापाचे, मोजणी नकाशे १८४० च्या आसपासचे, इतके बारीक की एकेक घर दिसतं. आणि आपल्या लोकांना सांगण्यासारखं म्हणजे ज्याच्या नावानं शिखर आहे तो जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ ला ती आयर्लंडची मोजणी बघायला गेला होता नि तिथल्यासारख्या मोजपट्ट्या इकडं हिंदुस्थानच्या मोजणीला घेऊन आला. आमच्या भूमिअभिलेखवाल्यांचं तिकडं जुनं नातं आहे.

मग ग्रिफिथ व्हॅल्युएशन. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्यानं १८४७ ते १८६४ अख्ख्या देशाची आकारणी केली, टाउनलँडनिहाय, कब्जेदार कोण, मालक कोण, घर आहे का, क्षेत्र किती, आकार किती. हे इंटरनेटवर फुकट आहे. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला कुणी भाषांतर करून द्यायची गरजच पडली नाही, हा सातबाराच आहे. क्षेत्र एकर, रूड, पर्च मध्ये. चार रूडचा एकर, म्हणजे एक रूड आपले दहा गुंठे, आणि चार पर्चचा एक गुंठा. त्या वाडीत त्या आडनावाचं एकच घर निघालं, ३ एकर २ रूड, म्हणजे साडेतीन एकर. कब्जेदाराचं नाव मुलीच्या बापाचं नव्हतं, बाप तर दुष्काळातच गेलेला. तो चुलता असावा असं मला वाटलं पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडनं कॅथलिक चर्चची जुनी रजिस्टरं फुकट बघायला ठेवलीत, बरंचसं लॅटिनमध्ये, शाई उडालेली. त्यात तिच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली आणि साक्षीदार म्हणून उभा राहिलेला त्याच नावाचा माणूस. तिच्या पहिल्या मुलाला तिनं सिडनीत आपल्या मेलेल्या बापाचं नाव दिलेलं. त्यांच्यात पहिल्याला नवऱ्याच्या बापाचं नि दुसऱ्याला बायकोच्या बापाचं नाव द्यायची रीत, हिनं ती मोडली. का मोडली ते कागदात नाही, पण मला कळलं.

ग्रिफिथच्या पुढचे बदल ज्या वह्यांत आहेत त्यांना कॅन्सल्ड बुक्स म्हणतात, आणि ते म्हणजे सरळ फेरफार. जुनं नाव खोडून नवं, बाजूला साल, आणि वेगवेगळ्या सालाला वेगळ्या रंगाची शाई, लाल, निळी, हिरवी. कुणाच्या नंतर कुणाचं नाव लागलं ते रंगावरनं सुटत जातं. चुलत्यानंतर त्याचा लेक, लेकानंतर विधवा सून. १९०१ च्या शिरगणतीत ती विधवा घरात बसलेली सापडली, पाच पोरं, भाषा आयरिश आणि इंग्रजी, भिंती दगडाच्या का मातीच्या, छप्पर गवताचं का कौलाचं, समोरनं खिडक्या किती एवढं लिहिलंय. १९०१ आणि १९११ या दोन्ही शिरगणत्या घरबसल्या फुकट दिसतात.

एक गंमत, गंमत कशाची, माणसाची गरज. १९०१ ला जिचं वय ५४ ती १९११ ला ७१ ची झालेली. अशी घरोघरी दिसतात. कारण १९०९ पासून सत्तरीच्या पुढं म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली. तिकडं जन्मनोंदी १८६४ पासूनच्या, म्हणजे ह्या म्हाताऱ्यांकडं दाखला कुठला, मग ते सरकारला लिहायचे की १८४१ नाहीतर १८५१ च्या शिरगणतीत आमचं घर बघा. श्रावणबाळ नि निराधार योजनेच्या वयाच्या दाखल्यासाठी माझ्यापुढं किती म्हाताऱ्या अशा उभ्या राहिल्यात, पायरीवर बसून सांगायच्या, मोठ्या महापुरात मी एवढी होते बघा. त्या आयरिश म्हाताऱ्यांचे ते अर्ज आज सोन्याच्या मोलाचे आहेत. कारण मूळ शिरगणत्याच राहिल्या नाहीत. ३० जून १९२२ ला तिथल्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तरखाना स्फोटात नि आगीत गेलं, कित्येक शतकांचे कागद, १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या. १८६१ नि १८७१ च्या त्याआधीच सरकारनं स्वतः नष्ट केलेल्या, १८८१ नि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत रद्दीत घातल्या. नोकरीत असताना एका कार्यालयात मी जुनी मोडी रुमालं गोणपाटात भरून गळक्या खोलीत टाकलेली बघितलीत, वर लिहून कळवलं, काही झालं नाही. तो दिवस मला या वेळी फार आठवला. आयर्लंडच्या लोकांनी मात्र हाय खाल्ली नाही. जळालेल्या कागदांच्या नकला जगात कुठं कुठं आहेत त्या गोळा करून २०२२ ला, आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, ते दप्तर इंटरनेटवर परत उभं करायला घेतलं आणि ते काम अजून वाढतंय.

आता मूळ मुद्दा. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त कुठल्या गोष्टीनं धरलं असेल तर ती एका वर्तमानपत्रानं केलेली. अमेरिकेतल्या बोस्टनला पायलट नावाचा कॅथलिक पेपर आहे. त्यानं १८३१ साली एक जाहिरात छापली, एक आयरिश बाई बोस्टनला उतरलेली आणि नवरा सापडत नव्हता. तिथनं पुढं ते सदरच झालं, हरवलेली माणसं, आणि १९२१ पर्यंत चाललं. ९० वर्षं! ४० हजारांहून जास्त नोंदी. भाऊ भावाला शोधतोय, आई लेकाला, बायको नवऱ्याला. आणि छापायचे काय, तर अमुक जिल्हा, अमुक पॅरिश म्हणजे चर्चचा इलाखा, अमुक वाडीचा, अमुक साली अमुक बोटीनं निघाला, शेवटचं पत्र अमुक ठिकाणाहून रेल्वेच्या कामावरनं आलेलं. सरकारच्या यादीत जे नव्हतं, नुसतं आयर्लंड लिहून सोडून दिलेलं, ते गावाचं नाव या जाहिरातींत होतं, कारण ती माणसाच्या माणसानं दिलेली. सरकारी दप्तर जळालं तरी पेपरातल्या चार ओळी राहिल्या. आज अमेरिकन लोक स्वतःचं गाव शोधताना त्या जाहिरातींच्या यादीत बघतात, एका कॉलेजनं ती सगळी इंटरनेटवर टाकलीय.

आपल्याकडं अशा माणसांची कमी आहे का? कोकणातनं, घाटावरनं मुंबईच्या बंदरातनं मराठी माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेली, तिथं आजही मराठी आडनावं नि गणपती आहेत, आणि त्यांचे उतरल्याचे कागद तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेत. पूर्व आफ्रिकेत १८९६ पासून रेल्वे बांधायला हिंदुस्थानातनं ३० हजारांवर मजूर नेले. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतली पोरं बसऱ्याला उतरली ती कितीतरी तिथंच राहिली. आणि उलटं पण बघा, १९४३ ते ४८ आपल्या वळिवड्यात ५ हजारांच्या आसपास पोलंडची माणसं राहून गेली, त्यातली लेकरं म्हातारी होऊन परत येतात, आपण कुठल्या बराकीत होतो ते विचारतात आणि वळिवड्यातली माणसं त्यांना हात धरून दाखवतात. कोल्हापूरला हे नवं नाही. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला घरटी माणूस मोडी वाचणारा शोधत फिरत होता, पणजोबाचा शाळेतला दाखला हातात आल्यावर रडलेली माणसं मी बघितलीत. दाखल्याचं काम झालं की ते कागद परत बासनात जाऊ नयेत.

हेळव्याची पोरं आता पुण्याला कंपनीत कामाला लागलीत, वही बघायला कुणी मागं राहील असं वाटत नाही. मी आमच्या हेळव्याला विचारून त्याच्या वहीची आमच्या घराण्याची पानं मोबाइलवर काढून ठेवली, त्याची बिदागी त्याला दिली. ज्यांच्याकडं हेळवी येतो त्यांनी त्याला रिकामा पाठवू नये आणि पानांचे फोटो मागून घ्यावेत, तो देतो.

संपादक साहेब, तुमची दोन इंच जागा मिळाली तर जाहिराती मराठीत नीट लिहून द्यायला, गाव-तालुका तपासायला मी रोज दोन तास फुकट यायला तयार आहे, माझ्याबरोबर मोडी वाचणारे दोघं निवृत्त सहकारी पण तयार आहेत. अट एकच ठेवा, जाहिरातीत गाव पाहिजे. बोट नसली तरी चालेल.

सूनबाई या मे महिन्यात क्लेअरला जाऊन आली. साडेतीन एकर अजून तिथंच आहे, चुलत्याच्या वंशातल्या एक आजीबाई त्या घरात राहतात, त्यांनी हिला चहा दिला आणि सांगितलं की आमच्यात एक मुलगी लांब गेली असं म्हणायचे, पण कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. तिथनं रात्री तिचा फोन आला आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, बाबा, आपल्या दर्यापारवाल्याचं काय केलंत? मी काहीच केलं नव्हतं. माझी आत्या ९१ वर्षांची आहे, दुसऱ्या दिवशी एसटीनं तिच्याकडं गेलो आणि तिला जेवढं आठवलं तेवढं लिहून आणलं. ते पहिली जाहिरात म्हणून सोबत देतोय, नाव-आडनाव वेगळ्या कागदावर आहे, छापताना घ्यावं:

माहिती पाहिजे. करवीर तालुका, भोगावतीकाठच्या आमच्या गावातनं १८९६-९७ च्या दुष्काळात घर सोडून गेलेल्या माणसाची. तेव्हा वय अंदाजे अठरा, तिघा भावांत धाकटा. डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाची खोक. आधी मुंबईला गोदीत हमाली केली, तिथनं आगबोटीनं गेला. एकदा कुणाच्या तरी हातनं आईसाठी लुगडं पाठवलेलं, हिरवं, त्यानंतर काही कळलं नाही. बोटीचं नाव माहीत नाही. थोरल्या भावाची पतवंडं गावातच आहेत, घर तेच आहे.

आपला,
एक निवृत्त तलाठी
शिवाजी पेठ, कोल्हापूर